जिताड्यानं पास केलेला अँटेना

प्रणित,

ट्रिपला निघशील, तर जीपजवळ जाण्याआधी हे वाच. गाडीतनं दुसऱ्या गाडीशी बोलायच्या तुझ्या त्या सीबी रेडिओसाठी दोन अँटेना आणून ठेवलेस आणि आखूड लावू की लांब, म्हणून पंधरा दिवस नुसता बघत बसलास. मी निकाल लावलाय. लांब बसवलाय.

तो झाडीत अडकून मोडेल, ही तुझी भीती. म्हणून काल त्याच्या टोकाला गळ बांधून खाडीवर गेलो. चांगला हातभर जिताडा लागला. अँटेना पार कमानीसारखा वाकला, पण मासा काढल्यावर पुन्हा सरळ. जिताड्याला त्यानं दाद दिली नाय, करवंदीच्या जाळ्यांना काय देणार? वास जाईल दोन दिवसांत.

मागे स्टेपनीजवळ पट्टी आवळून बसवलाय. पट्टीखालचा रंग खरवडावा लागतो, नायतर अर्थिंग मिळत नाय, असं तो पेणचा दुकानदार तुलाच सांगत होता. जरा जास्तच खरवडला गेलाय. तू ओरडशील, म्हणून तू उठायच्या आत मी पहिल्या गाडीनं जिते गावाला, तुझ्या आत्याकडे निघालो. अर्धा जिताडा तिला नेतोय, अर्धा फ्रीजमध्ये हाय.

आखूडवाला परत करून टाक, त्याचा आवाज लांब पोचत नाय. गेल्या खेपेला घाटात रुतलास, तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती आणि दुसऱ्या जीपनं पुढं गेलेल्या तुझ्या दोस्ताला, अमोलला कळलंसुद्धा नाय. आई रात्रभर ओट्यावर बसून होती. मीपण जेवलो नव्हतो, असं ती सांगेल. तसं काय नाय. मला भूक नव्हती.

बाबा