मल्हारगंज विरुद्ध सांवेर रोड

रविवार, ९ नोव्हेंबर

वही उघडलीस? आधी गॅस बंद केलाय का ते बघून ये. चष्मा शोधू नकोस, डोक्यावर आहे. वाचणारा कुणीही असो, दोनपैकी एक तरी लागू पडेलच.

विसरते मी, असं डॉक्टर म्हणतात. रोज काहीबाही आठवून लिहवून घ्या म्हणे. माझ्या हाताला अक्षर नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षं त्याच्याशिवाय काढली, आता काय शिकायचं. सून लिहिते, वैशाली. स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या नातवाला, ती 'नि.' लिहिते. निनाद पूर्ण लिहायला हात दुखतो तिचा.

आज मॅच होती. दर रविवारी चार वाजता असते. टॅबवरचा फुटबॉल आहे, पण त्यात आपण पळायचं नाही. अकरा पोरं निवडायची, कोण कुठे उभा राहील ते ठरवायचं, मग ठिपके पळतात आणि आपण हात बांधून बघत बसायचं. सासूचंच काम आहे. नि. बारावीत होता तेव्हा त्यानं शिकवलं. लीग आमच्या दोघांचीच. मी मल्हारगंज इलेव्हन, तो सांवेर रोड युनायटेड, नावं आमच्या शहरातल्याच भागांची. पोरं मी तोंडावरून ओळखते: दाढीवाला, वाकड्या नाकाचा, लाल केसाचा. हिरवा बाण म्हणजे फॉर्मात, लाल फुली म्हणजे पाय मोडला.

नि. बेंगळुरूला नोकरीला गेला तरी मॅच चुकली नाही.

२-१ जिंकले. मॅचनंतर त्याचा मेसेज येतो, वै. वाचून दाखवते. आज म्हणाला, आजी, तुझ्या लाल केसाच्याला जरा आराम दे, दमलाय. खरंच दमला होता.

त्याच्या टीमच्या नावाशेजारी हल्ली राखाडी रंगात काहीतरी लिहिलेलं असतं. काय आहे ते विचारलं. लीगचं नाव आहे म्हणाली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नि.चा फोन. आईशी चार मिनिटं, माझ्याशी पाऊण. कशी आहेस आजी, मस्त, चल ठेवतो, मीटिंग आहे. मॅचचं बोललो नाही. नियम त्याचाच आहे: खेळाचं खेळात, फोनवर काढायचं नाही. अकरावी-बारावीतली पोरं फार नियम करतात.

दिवाळीला आला नाही. डबा पाठवला होता, पोचला का ते मीच विचारून घेतलं. बेसनाचे लाडू, बिनबेदाण्याचे. बेदाणा दाताखाली आला की लहानपणी घर डोक्यावर घ्यायचा. मागच्या वर्षी चुकून एक राहिला तर बेंगळुरूहून फोन करून अर्धा तास भांडला माझ्याशी.

पहिल्या मॅचची गंमत आठवली. मला कोण काय खेळतो ते कळत नव्हतं. एक उंच, देखणा पोरगा दिसला, त्याला सगळ्यात पुढे उभा केला. तो गोलकीपर निघाला. नऊ गोल खाल्ले. नि. हसून हसून खुर्चीवरून पडला. पुढच्या रविवारी त्यानं स्वतःचा गोलकीपर पुढे उभा केला. म्हणाला, आता हिसाब बराबर, आजी.

रविवार, १६ नोव्हेंबर

३-० जिंकले. मजा नाही आली.

सांवेर रोडनं आज पाच जण मागे उभे केले होते. नि. असा घाबरट खेळत नाही. ऑफिसात काहीतरी झालं असणार. वै.ला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. वळली नाही, म्हणाली, हो आई, साहेब ओरडले म्हणे.

बघ. फोनवर 'मस्त आजी', आणि इथे पाच मागे. अक्षर येत नसलं तरी माझं पोर मला वाचता येतं. हे नीट लिही गं.

पोळी कच्ची होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

खजरान्याच्या गणपतीला जाऊन आले. गर्दी, धक्के, एक बाई माझ्याच चपलेवर उभी. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढला. मागणं पुरं झालं की सुलटा काढायला जायचं, इथली रीत आहे.

मागितलं काय, तर सांवेर रोड जिंकू दे. माझ्याकडून सलग सहा वेळा हरलाय. स्वतःच्या हारीसाठी नवस बोलणारी मालकीण गणपतीनं पहिल्यांदाच पाहिली असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज अक्षर वेगळं आहे. केतकी लिहितेय. वरच्या खोलीत राहते, साताऱ्याची, इथे आयटीत नोकरीला आहे. वै. आणि माझा मुलगा देवासला लग्नाला गेलेत, म्हणून मॅचला हिला बोलावलं.

मी साडी बदलून बसले होते. पोरं लावली. केतकी शेजारी बसली, बिचारी चहा घेऊन.

म्हणाली, "आजी, हा तर ऑटोवर आहे."

मला वाटलं रिक्षात बसून खेळतोय.

"तसं नाही आजी. मालक येत नाही ना, म्हणून मशीनच त्याची टीम लावतंय. ते राखाडी अक्षरात तेच लिहिलंय."

कधीपासून, विचारलं. तिनं कुठेतरी बोट लावून पाहिलं. गणपतीतल्या रविवारपासून.

मग मेसेज वाच म्हटलं, गेल्या रविवारचा, त्याच्या आधीचा. तिनं खाली-वर सरकवून पाहिलं. मग म्हणाली, इथे नाहीत आजी. शेवटचा गणपतीतलाच आहे. वाच म्हटलं.

"आजी लेट होतोय, तू खेळून घे."

खेळून घेतलं मी. बारा रविवार.

साहेब ओरडले, मन लागत नाही, पोर घाबरलंय, सगळं त्या पाच ठिपक्यांत वाचलं मी. मशीनचा मूड वाचत होते. गणपतीकडे मशीनसाठी नवस बोलून आले.

आजची मॅच सुरू झाली होती. बघितली नाही. केतकी, किती झाले ते लिहू नकोस.

सोमवार, २४ नोव्हेंबर

वै. लिहितेय. लिही म्हटलं. हात थांबला तरी लिही, तुझ्याबद्दलच आहे.

काल लग्नाहून आली ती लाडूचा पुडा घेऊन. मी एवढंच विचारलं, काय म्हणत होता गं निनाद गेल्या रविवारी? पुडा तिथेच ठेवला तिनं. मग:

"पहिल्या रविवारी वाटलं, पुढच्या वेळी येईल. तुम्ही विचारलंत काय म्हणतो, आणि तोंडातून निघून गेलं. मग दर रविवारी तुम्ही साडी बदलून बसायला लागलात. मी काय करू आई?"

खोटं बोलायचं नाही, हे करायचं. पण ते म्हटलं नाही.

दुसरीच शंका आली. बारा रविवार जी मनाचं वाचते, ती वहीत तरी माझं लिहिते की स्वतःचं? आज दुपारी केतकीला बोलावलं आणि वै.समोर पहिल्या पानापासून वाचायला लावलं. सगळं जसंच्या तसं. हात दुखतो तेही, पोळी कच्ची तेही. माझं पोर मला वाचता येतं, तेही. ते लिहिताना हिला काय झालं असेल, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

केतकी गेल्यावर म्हटलं, लाल केसाचा दमलाय हे तुला कसं कळलं? म्हणाली, दर रविवारी बघते ना मागे उभी राहून. मी विचारलं, मग माझ्याशी तू का नाही खेळलीस?

"तुम्ही मला कधी बोलावलंत?"

लिही. हेही लिही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

टॅबवर लाल चौकट आली. केतकीकडून वाचून घेतली. मालक इतके दिवस फिरकला नाही, तर टीम बंद. ७ डिसेंबरची मॅच शेवटची. त्या दिवशी स्वतः उघडून टीम लावली तर राहील, नाहीतर सांवेर रोड पुसला जाईल. लीग दोघांचीच, म्हणजे मल्हारगंजनंही काय करायचं मग. भिंतीशी खेळायचं.

वै. म्हणाली फोन करते, सांगते त्याला. मुलगाही जेवताना म्हणाला, एक फोन लाव ना, इतकी काय बात आहे.

नाही. सांगितलं तर येईल. आई ओरडते म्हणून दूध पितात तसा येईल, एक रविवार. मग पुन्हा लेट होतोय. वै.ला गळ्याची शपथ घातली, सांगायचं नाही. तिनं मान हलवली. तिच्या मान हलवण्यावर किती विश्वास ठेवायचा, हा नवा अभ्यास.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नि.चा फोन. कशी आहेस आजी. म्हटलं मस्त. चल ठेवतो. ठेव.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज गोलकीपर सगळ्यात पुढे उभा केला. वाकड्या नाकाच्याला गोलात. टॅबनं दोनदा विचारलं, नक्की ना? केतकी म्हणाली, आजी, चुकलंय का काही? नाही म्हटलं.

मेसेज लिहून पाठवू का, विचारत होती. नको. ज्याला कळायचं त्याला टीम बघून कळेल.

नऊ नाही, सात खाल्ले. सांवेर रोड जिंकला एकदाचा. नवस पुरा झाला. म्हणजे गणपतीला सुलटा स्वस्तिक देणं आलं, मशीनच्या नावानं. बुधवारी जाणार नाही. गुडघा दुखतोय असं सांगणार आहे त्याला.

राखाडी अक्षरं होती तशीच. वै. मागे उभी होती. बस म्हटलं. बसली.

बुधवार, ३ डिसेंबर

थंडी. गराडूच्या कंदाचे काप तळले वै.नं, वर जिरावन मसाला. छान झाले होते. सांगितलं नाही. आता लिहिलंय म्हणजे कळलंच.

नातू काय, पक्षी काय, पंख फुटले की उडणारच, असलं काही म्हणायची मला हौस नाही. पोरगा कामात आहे. कामात असणं वाईट नाही. त्याचे आजोबा मिलमध्ये होते तेव्हा तेही कामातच असायचे. फक्त ते मला "तू खेळून घे" असं कधी म्हणाले नाहीत. आमच्याकडे खेळ नव्हता म्हणून असेल.

शनिवार, ६ डिसेंबर

वै. दुपारभर फोनवर खाली आवाजात. कुणाशी विचारलं. बहिणीशी. बहिणीशी बोलताना ती ओरडून बोलते.

केतकीही जिन्यात भेटली तर नजर चुकवून गेली. किंवा घाईत असेल. मी आता सगळ्यांच्या तोंडावर राखाडी अक्षरं शोधत फिरते.

रविवार, ७ डिसेंबर

साडी बदलली नाही. घरातल्याच साडीत बसले.

चार वाजता उघडलं. मल्हारगंजची टीम नेहमीची, नीट. कुणाला पुढे-मागे केलं नाही, जे करायचं ते मागच्या रविवारी करून झालं होतं.

सांवेर रोडच्या नावाशेजारी राखाडी काही नव्हतं. तो स्वतः खेळायचा तेव्हा असायचा तसा हिरवा ठिपका होता. आणि सगळ्यात पुढे, माझ्या गोलासमोर, हिरव्या शर्टातला एक उंच माणूस. गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा असतो, तेवढं मला कळतं.

ठिपके पळायला लागले. मी आठ गोल केले. एकही केल्यासारखा वाटला नाही, टॅब वै.च्या हातात दिला.

मेसेज आला नाही. वै.नं सांगितलं, नाही आला. केतकीला बोलावून पुन्हा बघायला लावलं, तीही म्हणाली नाही.

आता हिशेब मीच मांडते. गोलकीपरची गोष्ट निनादला माहीत आहे. ती वैशालीलाही माहीत आहे, बारा तारखेला मीच तिच्याकडून लिहवून घेतली. केतकीनं ती मोठ्यानं वाचलीही. निनादचा पासवर्ड त्याच्या आईला माहीत आहे, त्यानंच दिलाय. काल दुपारी खाली आवाजात कोण कुणाशी बोलत होतं, आज कोणी कुठून टीम लावली, की एवढ्या दिवसांनी त्या गाढवाला खरंच मागच्या रविवारची मॅच दिसली आणि खुर्चीवरून पडला, हे मला तोंड बघून कळणार नाही. वैशालीकडे बघितलं. ती वहीत बघत होती. आताही वहीतच बघतेय.

तिला विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि मग तिनं काय सांगितलं ते मला तपासावं लागेल.

टीम राहिली. पुढचा रविवार आहे.

वैशाली, उद्या डबा करायचाय बेंगळुरूला. शपथ माझी, तुझ्या मनाचं काही घालू नकोस त्यात, चिठ्ठीसुद्धा नको. लौंग सेव अर्धा किलो, जिरावनची पुडी एक. आणि बेसनाचे लाडू अकरा. अकराच्या अकरा लाडवांत बेदाणे घाल, एकही सोडू नकोस.