काडी कडेला लाव

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर तुझ्या भाचीचं आहे, शब्द माझे. माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, म्हणून सध्या तिच्याच घरी आहे; मी सांगते आणि ती लिहिते. लिहिताना तोंड वाकडं करते, तेही मुद्दाम लिहायला लावलं आहे. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

आता मुद्द्याचं. माझ्या रोपांच्या नर्सरीत विलोच्या झाडाचे साठ खुंट उभे आहेत. खुंट म्हणजे खालचं झाड. दणकट आणि बघता बघता वाढणारं, पण दिसायला निव्वळ काठी. त्याचा शेंडा छाटायचा, मध्ये उभी चीर द्यायची, तिच्यात लोंबत्या विलोची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. काड्या शेडमधल्या फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात आहेत. चाकू खिळ्याला टांगलेला आहे.

हे तू करायचंस. चाळीस वर्षं कापड कापलंस, पण एक बाही तिरकी गेली नाही. दुकान बंद केल्यापासून खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या रेडिमेड शर्टांना नावं ठेवतोस, असं तुझी बायको सांगत होती. ते शर्ट काही सुधारणार नाहीत. इकडे भाचीने हट्ट धरला आहे की यंदाची कलमं फसली तर नर्सरी बंद करायची आणि मी कायमचं तिच्याकडे राहायचं. मीही वैतागून हो म्हणून बसले. तेव्हा माझा जीव टांगणीला आहे, हे लक्षात ठेवून चाकू धर.

थोरलीचा लोभ आहेच. काम झालं की आणखी वाढेल.

तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण चांगलं काही लिहायचं जमत नव्हतं.

तीस कलमं बांधली. टेपने मोजून, खडूने खूण करून काडी अगदी मधोमध बसवली. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. तुझ्या पाणी घालणाऱ्या बाई बघायला आल्या आणि त्यांनी विचारलं की काजं-बटणं पण लावणार का. मी लक्ष दिलं नाही. छाटलेले शेंडे ओळीच्या कडेला मातीत खोचले आणि त्यांना तारखेच्या चिठ्ठ्या अडकवल्या. गिऱ्हाइकाच्या कपड्याला चिठ्ठी लावायची सवय जाते कुठे!

तीन आठवडे झाले. माझ्या काड्यांचे डोळे जरासे फुगले आणि काळे पडले. चिठ्ठ्यांसाठी खोचलेल्या शेंड्यांच्या खुंट्यांना मात्र पानं फुटली आहेत. बाई रोज सकाळी त्यांना आधी पाणी घालतात आणि माझ्याकडे बघून हसतात. ताई, माझं कुठे चुकलं तेच मला कळत नाही. एक काडी अर्ध्या सुतानेही हललेली नाही. तुझी नर्सरी माझ्याच हातून बुडणार असं वाटतं आणि रात्री जेवण जात नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलाव.

रागावलीस तरी लोभ असू दे, ही विनंती.

तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

खडूपर्यंत वाचून मी इतकी हसले की भाची स्वयंपाकघरातून धावत आली. पुढचं वाचून हसू पळालं.

अरे शहाण्या, मधोमध लावलीस तिथेच घात झाला! सालीच्या आत हिरवा पातळ थर असतो. जीव धरतो तो तेवढाच. काडी बारीक आणि खुंट जाड. मधोमध बसवली तर हिरव्याला हिरवं कुठेच लागत नाही. काडी कडेला लाव, साल सालीला भिडव. एका बाजूला पोकळी दिसेल, ओबडधोबड दिसेल, दिसू दे. तीसही खुंट चार बोटं खाली छाट आणि पुन्हा बांध. काड्या मी जास्तीच्या ठेवल्या आहेत. आणि विलो कुठेही खोचली तरी मुळं धरते, तेव्हा त्या खुंट्या उपट.

दुसरं कुणी येणार नाही. हाताचं विचारू नकोस, तो तसाच आहे.

लोभ कमी झालेला नाही, फक्त कान पिळायला तू हाताशी नाहीस.

तुझी ताई

२२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

साठांपैकी बावन्न जगली! आज सकाळी पुन्हा मोजली. सगळ्यांना फुटवे आले, आणि लांबलेले फुटवे खाली वळायला लागले आहेत. एकेक जोड असा वाकडा दिसतो की दुकानात असता तर मी उसवला असता. बाई आता मला मास्तर म्हणतात. खुंट्या उपटल्या नाहीत, त्या पुढल्या वर्षी खुंट म्हणून कामी येतील.

आणखी एक. तुझं दहा मार्चचं पत्र तुझ्या अक्षरात होतं. म्हणजे प्लास्टर निघालं होतं, तरी तू आली नाहीस. माझं काम माझ्याच हातून व्हावं म्हणून तू लांब राहिलीस, हे मी ओळखलं. ओळखून गप्प बसलो. बोललो असतो तर तू आली असतीस आणि चाकू काढून घेतला असतास. तो मला द्यायचा नव्हता. लाज वाटते, पण खरं आहे.

लोभ आहे तो ठेवावा आणि लवकर यावं.

तुझा धाकटा

२८ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू समजतोस तेवढी मी शहाणी नाही रे. प्लास्टर निघालं त्याच दिवशी बटाटा घेतला आणि पाचर तासायला बसले. चाकू तीनदा हातातून निसटला. पेन धरता येतं, चाकू धरता येत नाही. डॉक्टर म्हणतात, आता एवढंच. हे मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर नर्सरी त्याच दिवशी बंद झाली असती. मी फार घाबरले होते.

काल भाचीला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि हाताचंही सांगितलं. ती उठली आणि माझी बॅग भरायला लागली.

रविवारी येते. चाकू खिळ्याला टांगू नकोस, तुझ्याकडेच ठेव. पट्टी गुंडाळायला डावा हात पुरतो. तेवढी जागा माझ्यासाठी ठेव, तुझ्या कडेला.

तुझी ताई