एकविसावी संकष्टी, मुक्काम नॉर्वे

हवल्ली, कुवेत
६ जुलै १९९७

तीर्थस्वरूप अण्णांस,

विश्वासचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि आईंचा दमा आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. आम्ही तिघेही सुखरूप. सावलीत अठ्ठेचाळीस अंश आहेत म्हणतात, पण इथे सावलीच नसल्यामुळे आम्हाला त्याची झळ नाही.

तुमच्या लेकीने, प्रभाने, नॉर्वेची सहल तुम्हाला फोनवर तीन मिनिटांत सांगितली (छान होतं, थंडी होती, कोथिंबीर मिळत नाही). तेवढ्यावर भागलं असतं. पण लवकरच ती तुमच्याकडे एक धर्मनिर्णय मागणार आहे, आणि अर्धं नाशिक तुमच्या तोंडून चतुर्थी ऐकत असल्यामुळे तुमचा शब्द अखेरचा असेल. म्हणून आधी माझी बाजू ऐका. आमच्या नेहाला पुण्यात मेडिकलला प्रवेश मिळावा म्हणून प्रभाने एकवीस संकष्ट्या धरल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वीस बिनतक्रार पार पडल्या. इमारतीचा हारिस जाफर (म्हणजे आमचा रखवालदार) गच्चीची किल्ली देतो, प्रभा धुळीतून चंद्र शोधून काढते, आणि जाफर खालून ओरडतो, "भाभी, चाँद आया? अब साब को भी खाना दो!" प्रवेशाची यादी महिनाअखेरीस लागायची आहे. राहिली होती फक्त एकविसावी, आणि ती सहलीत आली.

सहलीचे पुढारी आमच्या मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतले सेफ्टीवाले शत्रुघ्न पाटील. आग लागल्यावर करतात तशी ते दर थांब्याला आमची शिरगणती करत, आणि धबधबा कितीही मोठा असो, बसमधून उतरण्याआधीच "हे म्हणजे आपलं भंडारदराच" असं सांगून त्याचा निकाल लावत. आमचं म्हणाल तर आम्ही एकही नदी नसलेल्या देशातून आलेली माणसं. डोंगर बघावासा वाटला की जहराच्या पुढे जाऊन मुतलाची टेकडी बघून येतो. अशा माणसांपुढे एकदम हिमशिखरं, हिरवी तळी आणि फ्योर्ड (डोंगरांच्या कुशीत समुद्र चोरपावलांनी आत शिरतो, त्याला इथे फ्योर्ड म्हणतात) मांडल्यावर जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांनी व्हिडिओ कॅमेरे डोळ्यांना लावले आणि नॉर्वे कुवेतला जाऊन बघायचं ठरवलं. बोटीवर मेतकुटाच्या बरण्या उघडल्या. ज्या कड्याखाली बोटीवरची गोरी मंडळी श्वास रोखून उभी होती, त्याच कड्याखाली आमच्यात चकली मऊ का पडली यावर चर्चा रंगली.

संकष्टीला आमचा मुक्काम फ्योर्डच्या तळाशी होता. तिन्ही बाजूंना उभे डोंगर, आणि रात्री अकरालासुद्धा आपल्याकडे चार वाजता असतो तसा उजेड. प्रभा सकाळपासून चहा आणि एका केळ्यावर. मी रिसेप्शनच्या मुलीला चंद्रोदय विचारला. ती म्हणाली, इथे लोक अंधार कधी पडतो ते विचारतात, चंद्राची चौकशी पहिल्यांदाच झाली. मग आमच्या मंडळींनी प्रश्न हातात घेतला.

"वहिनी, नाशकात कधीच उगवला. तिथला धरा!" शत्रुघ्नराव म्हणाले.

"नाशकातला का? राहण्याचा परवाना, इकामा, कुवेतचा आहे, चंद्रही कुवेतचाच लागेल," दुसऱ्या एका तज्ज्ञाने हरकत घेतली.

नेहा वैतागून म्हणाली, "आई, इट्स देअर! जस्ट डोंगराच्या मागे. प्लीज ईट."

"मागे असून काय उपयोग? तुझं नावही यादीच्या मागे लिहिलेलं चालेल का तुला?" प्रभा म्हणाली.

पाऊण वाजता मला समोरच्या शिखरावर, धुक्यात, एक फिकट गोल उजेड दिसला. मी ओरडलो, "प्रभा, तो बघ!" तिने बाटलीतल्या पाण्याने फ्योर्डमध्ये अर्घ्य दिलं, हात जोडले, आणि कुवेतहून आणलेल्या तळणीच्या मोदकाने उपास सोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शत्रुघ्नरावांनी फोटो काढला.

घात त्या फोटोने केला. परवा शुक्रवारी मंडळी आमच्याकडे जमली तेव्हा शत्रुघ्नरावांनी रोल धुऊन आणला होता. फोटोत प्रभा आहे, मोदक आहे, चंद्रही आहे, आणि चंद्राखाली लोखंडी खांब आहे. "वहिनी, नॉर्वेत चंद्राला टेकू देतात वाटतं!" असं ते बोलून गेले. प्रभा एवढंच म्हणाली, "अण्णांना विचारू." धुक्यात चूक कोणाची होत नाही? देव भाव बघतो, हे मी तुम्हाला सांगावं का?

आईंना नमस्कार. पत्र सुटीवर निघालेल्या आमच्या प्रतापबरोबर हातीच पाठवतो आहे, तो शनिवारी नाशकात पोचेल.

आपला आज्ञाधारक,
विश्वास

ता. क. तुमचा निर्णय "ग्राह्य" असाच यावा ही नम्र विनंती. नाहीतर ती पुन्हा पहिल्यापासून एकवीस धरेल. एकवीस महिने हे बघणं माझ्याने होणार नाही.

ता. क. २ तुमच्यापासून काय लपवायचं? तो रोपवेच्या ठाण्यावरचा दिवा आहे, हे मला दुपारीच माहीत होतं. पण अण्णा, ती सकाळपासून एका केळ्यावर होती. त्या वेळी रस्त्यावरचा सिग्नलसुद्धा मी चंद्र म्हणून दाखवला असता. हे तिला कळू देऊ नका.

ता. क. ३ ती. अण्णा, सा. न. हातपत्र चिकटवू नये हा शिष्टाचार यांनी पाळला, म्हणून प्रतापभावजींना द्यायच्या आधी वाचता आलं. पाऊण तास एकाच जागी थांबणारा चंद्र नसतो, एवढं तुमच्या मुलीला कळतं. पण भूक लागली होती, आणि हे इतक्या आनंदाने "तो बघ" म्हणाले की मोडवेना. तुम्ही "ग्राह्य" लिहू नका. यादीच्या आधी, तेवीस तारखेला पुढची संकष्टी आहे. एकविसावी तेव्हा नीट करू. उपास हे धरणार आहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.
— प्रभा