फळ्यावरची ती एक ओळ

प्रिय पेंटर,

हसू नका. सगळी पेठ तुम्हाला पेंटर म्हणायची, मी मात्र जन्मभर 'अहो'वर भागवलं. आता तुम्हीच नाही म्हटल्यावर लाजायचं कुणाला?

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. संध्याकाळी तालमीत तुमच्या फोटोला हार घातला. फोटो तोच, कॉलर टोचल्यासारखा चेहरा केलेला. मग वस्ताद बोलायला उभे राहिले. वय झालंय, पण आवाज अजून आखाड्यातलाच. म्हणाले, "पेंटरनं तालमीचा फळा तीस वर्सं लिवला. खोटी म्हणून एकच ओळ लिवली, चीनच्या लढाईत. आन् ती बी देशापायी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. घरी आले, पण वस्तादांचं ते बोलणं पटेना. म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय.

ती ओळ तुमची नव्हतीच. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. तरी तेवीस वर्षं आपण त्यावर एक शब्द काढला नाही. काय माणसं होतो हो आपण?

दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचं आणि रोज पहाटे तालमीच्या दारातल्या फळ्यावर खडूने बातम्या लिहायच्या, हे खूळ तुम्हाला कुणी लावलं, देव जाणे. तालमीसमोरच्या दूधकट्ट्यावर ताजं दूध प्यायला आलेली माणसं आधी फळा वाचायची आणि मग पेला तोंडाला लावायची. तुम्ही लिहिलंय म्हणजे ते तसंच असणार, असा पेठेचा हिशेब होता. मला तुमचा अभिमान वाटायचा, पण तसं तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता.

समोरच्या हलीमाचाचींचा युसूफ तेव्हा फौजेत होता, तिकडे पूर्वेच्या बर्फात. चाचींना वाचता येत नव्हतं. रोज सकाळी फळ्यापुढे उभ्या राहायच्या आणि तुम्ही बोट फिरवत त्यांना वाचून दाखवायचात. युसूफचं पत्रही तुम्हीच वाचलंत. 'अम्मी, थंडी लई हाय, सुती कपड्यावर भागत न्हाय, स्वेटर धाड.' ते वाचून तुम्ही जेवला नव्हता. मी आग्रह केला, तर माझ्यावरच खेकसलात.

मग लढाई पेटली. रेडिओ रोज सांगायचा की आपल्या फौजांनी नव्या ठाण्यांवर मोर्चे बांधले. तुम्ही भिंतीवर शाळेचा नकाशा लावला होता, त्यात टाचण्या टोचायचात. एका संध्याकाळी मला हाक मारून म्हणालात, "हे बघ की. नवं ठाणं रोज अलीकडं कसं सरकतंय?" मला नकाशातलं काही कळत नव्हतं, पण तुमचा चेहरा कळत होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलंत, 'आपल्या फौजा पुन्हा मागे आल्या. सुती कपड्यांत बर्फात पाठवलेल्या पोरांबद्दल दिल्लीने जाब द्यावा.'

त्या दिवशी काय काय झालं! वस्तादांनी स्वतः ओल्या फडक्याने फळा पुसला. रंगाचे डबे कुणीतरी गटारात ओतले. वर्षानुवर्षं तुमच्याकडून पाट्या करून घेणारे शेटजी दारात येऊन ओरडले, "पेंटर, चीनचं मीठ खातायसा काय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "चीनचं कशाला? मी युसूफचं पत्र वाचलंय." संध्याकाळी चौकीचा शिपाई निरोप घेऊन आला. सकाळी सहाला हजर व्हायचं. चीनच्या बाजूचे म्हणून तसल्यांना उचलून आत टाकतायत, परत कधी सोडतील सांगता येत नाही, असं बायका माझ्यादेखत बोलत होत्या.

पहाटे तुम्ही फळ्याकडे न जाता सरळ चौकीवर गेलात. जाताना म्हणालात, "लिवायचं तर खरं लिवायचं, न्हायतर फळा कोरा ऱ्हाऊ दे."

मी तो कोरा राहू दिला नाही, पेंटर.

तुम्ही अक्षराची कड आखायची आणि मी आत रंग भरायचा, असं आपलं किती वर्षं चाललं होतं! तुमचं अक्षर माझ्या हातात बसलं होतं. अजून उजाडायचं होतं. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'आपल्या जवानांनी शत्रूला मागे रेटले. फौजा पुढे निघाल्या.' मला देशाचं काही पडलं नव्हतं हो. मला तुम्ही घरी यायला हवा होतात.

आणि आलातही. वस्ताद तो फळा वाचून तडक चौकीवर गेले आणि म्हणाले, "सायेब, मानूस सुधारलाय. जाताजाता काय लिवून गेलाय ते येऊन बघा की." दुपारी तुम्हाला सोडलं. तुम्ही फळ्यापुढे येऊन उभे राहिलात. माझी ओळ उजवीकडे जरा वर चढते, तुमची कधी चढत नव्हती. लोक तुमच्या पाठीवर थापा मारत होते आणि तुम्ही त्या चढलेल्या ओळीकडे बघत होता. 'हे माझं नव्हे' म्हणाला असतात, तर परत आत गेला असतात, आणि मागोमाग मलाही नेलं असतं.

तोवर चाचींनी कुणाकडून तरी ती ओळ वाचून घेतली होती. पेंटरभाऊंनी लिहिलंय म्हणजे खरंच! त्यांनी गल्लीभर साखर वाटली. माझ्याही हातावर चिमूट ठेवली. मी ती खाल्ली.

दोनच दिवसांनी तिकडचं मोठं ठाणं पडल्याचं रेडिओनेच सांगितलं. पुढे तार आली, युसूफ बेपत्ता. चाची आपल्याकडे आल्या, दारातच थांबल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, वाईट लिवलंसा तवा मी रडून घेतलं आन् सावरलं. ह्या ग्वाड बातमीनं पाडलं मला. तुमचा हात हाय म्हनून इस्वास ठेवला."

मी दाराआड उभी होते. तुम्ही हात जोडून म्हणालात, "चुकलं माझं, चाची."

माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. त्यापेक्षा एक ठेवून दिली असतीत तरी चाललं असतं! महिनाभर तुम्ही पाट्यांची अक्षरं स्वतःच भरलीत. मग एक दिवस ब्रश माझ्यापुढे धरून म्हणालात, "ह्यो 'र' भर, माझं बोट दुखतंय." बोट कुठलं दुखत होतं? मला ते कळलं, आणि मी 'र' भरताना रडले, हे तुम्हालाही कळलं. रंग ओघळला, तो तुम्ही फडक्याने टिपलात.

युसूफ काही महिन्यांनी चीनच्या कैदेतून परत आला. एका पायाची बोटं बर्फातच राहिली. तुमच्याजवळ बसून म्हणाला, "मामा, सुती कपड्याचं तुमी लिवलेलं ते खरंच हुतं की." तेव्हा तरी तुम्ही ते फळ्यावर लिहून पेठेचं तोंड बंद करायला हवं होतंत. पण तुम्ही त्याला शिरोलीच्या फौंड्रीत पहारेकऱ्याची नोकरी मिळेतोवर सायकलवरून घेऊन हिंडलात.

आज टाळ्या वाजल्या तेव्हा तो शेवटच्या रांगेत होता. त्याने वाजवल्या नाहीत. शेजारी चाची होत्या, आता दिसत नाही त्यांना. तुमच्या खोट्याचं कौतुक चाललं होतं, आणि तुमच्या खऱ्याची आठवण कुणालाच नव्हती. वस्तादांनी फळा पुसला होता, हेही ते विसरले.

तर ऐका. उद्या पहाटे, नळाला पाणी यायच्या आत, मी तालमीत जाणार आहे. फळ्यावर लिहिणार आहे, 'चीनच्या लढाईतली विजयाची खोटी बातमी पेंटरांनी लिहिली नव्हती. मी लिहिली होती. त्यांनी आदल्या दिवशी लिहिलेलं खरं होतं.' खाली माझं नाव घालीन. मग चाचींना हाताला धरून तिथे नेईन आणि मीच वाचून दाखवीन. त्यांनी तोंडात मारली तर खाईन, त्या वेळी साखर खाल्ली तशी.

तुमचं अक्षर मात्र काढणार नाही. ओळ वर चढेल. तेवढं चालवून घ्या.

तुमची,
रंग भरणारी सुमन