पंचवीसचे तीस

३ मार्च, सकाळ
आजपासून काम सुरू. बाबांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाची टेप डीव्हीडीवर उतरवायची. चाळीस मिनिटं, शूटिंग अर्थातच माझं. आई पंचवीस तारखेला परदेशात ताईकडे निघते, सोबत नेणार. बाबा गेले तेव्हा ताईला येता आलं नव्हतं. त्यांचा आवाज एकदा ऐकायचाय तिला. आई म्हणाली, कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला दे, दोन दिवसांत करतो. हसूच आलं. तो पासपोर्टचे फोटो काढणारा माणूस. त्याच्या फोटोत सज्जन माणूससुद्धा गुन्हेगार दिसतो.

४ मार्च
आपला टीव्ही ‘पाल’ पद्धतीचा, ताईकडचा ‘एनटीएससी’. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रं, तिकडे जवळजवळ तीस. म्हणजे पंचवीसचे तीस करायचे, बस्स. बायकोला समजावलं. ती म्हणाली, वरची पाच आणणार कुठून? हिला प्रत्येक गोष्टीत खोडा घालायची सवयच आहे.

७ मार्च
सॉफ्टवेअरमध्ये पंचवीस खोडून तीस घातले. झालं काम! चाळीस मिनिटांचा समारंभ तेहतीस मिनिटांत आटोपला. बाबा तुरुतुरु स्टेजवर आले आणि चिरक्या आवाजात बोलायला लागले. आई म्हणाली, हे कोण? म्हटलं, अगं, वेळ वाचला. ती भाजी निवडायला गेली. नवीन तंत्रज्ञान या पिढीला झेपत नाही.

९ मार्च
सुरुवातीचे आठ सेकंद कापून टाकले. कॅमेरा हलतो, बाबा थेट माझ्याकडे बघून काहीतरी शेरा मारतात आणि अख्खा हॉल हसतो. असला गाळ डीव्हीडीत नको.

१२ मार्च
दर पाच चित्रांमागे एकाची नक्कल घुसवली. वेग बरोबर, आवाजही बाबांचाच. पण सगळे अडखळत चालतात. बायको म्हणाली, सगळ्यांना उचकी लागलीये का? अडाणीपणाचा कळस.

१६ मार्च
अडखळणं पुष्कळ कमी. आता शेवटाकडे बाबांचे ओठ मिटतात आणि अडीच सेकंदांनी आभार ऐकू येतात. बाबा तसेही विचार करून बोलायचे. कोणाला कळणार नाही.
आईला कळलं.

१८ मार्च
टेप जागेवर नाही. मला नकोच आहे म्हणा, सगळं कम्प्युटरमध्ये आहे.

२० मार्च
टेप परत जागेवर. आई म्हणते, धूळ झटकायला घेतली होती. दोन दिवस धूळ?

२४ मार्च, संध्याकाळ
तयार! चार कोऱ्या डिस्क वाया गेल्या, पण पाचवी लागली. मोठं काम असंच होतं. कव्हरवर छापलं: छायांकन, संकलन, तांत्रिक रूपांतर, सगळीकडे माझंच नाव. आईने डिस्क मुकाट्याने बॅगेत ठेवली. गहिवरली असणार.

२८ मार्च
ताईचा फोन. रडत होती. चित्र स्वच्छ, आवाज ओठांबरोबर, बाबा समोर बसून बोलताहेत असं वाटलं म्हणाली. म्हटलं, थोडे कष्ट पडले. ती म्हणाली, तुझी कव्हरवाली लागलीच नाही रे, दुसरी लागली. आईने स्टुडिओवाल्याकडून करून आणलेली. सुरुवातच दहा वेळा बघितली म्हणे.
विचारलं, कसली सुरुवात?
तिने फोन टीव्हीजवळ धरला. बाबा म्हणाले, काय इंजिनिअरसाहेब, झालं का चालू, की स्टुडिओवाल्याला बोलावू? हॉल हसला. फोनवर ताईच्या मागून आईही हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं तिचं हसणं.
मी म्हटलं, परत लाव.
तिने चार वेळा लावलं. मला रडू आवरेना. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय!

२९ मार्च
स्टुडिओवाल्याकडे गेलो. एक कॉपी मागितली. तो म्हणाला, सुरुवातीला कॅमेरा हललाय, तेवढं कापू का? म्हटलं, खबरदार, हात लावलास तर.
नुसती कॉपी मागायला आलो असं त्याला वाटू नये, म्हणून पासपोर्टचा फोटोही काढून घेतला. फोटोत चक्क गुन्हेगार दिसतोय.