चार नंबरच्या रांगेबद्दल लिहिलं होतं

सोम. १० नोव्हें.
गोडाऊनमधल्या कामगारांच्या सर्व्हेचे फॉर्म परत आले. निम्मे कोरे. नाव लिहायचं नाही, मराठी-हिंदी दोन्हीत छापलेत, तरी कोरे. मॅनेजर देसाई सर म्हणाले, "कोरा म्हणजे तक्रार नाही, असं धर." एचआरची असिस्टंट मी, धरायचं काम माझंच. पण धरवेना.

मंगळ. ११
जेवणाच्या सुट्टीत सुमनताईंना विचारलं. पॅकिंगला आहेत, वज्रेश्वरीकडून बसने येतात. डबा बंद केला त्यांनी. "गेल्या साली लिवलंवतं ना मॅडम, सगल्या बायांनी. कोनी वाचलं?"
गेल्या साली मी मानकोलीच्या या गोडाऊनमध्ये नव्हतेच. जुने फॉर्म शोधायचं ठरवलं.

बुध. १२
जुनं कपाट. गेल्या वर्षीचे फॉर्म सुतळीने बांधलेले, गाठ कुणी सोडलेलीच नाही. हेड ऑफिसला रिपोर्ट मात्र गेलेला: समाधानकारक.
वाचले. वेगवेगळी अक्षरं, एकच गोष्ट. चार नंबरच्या रांगेत रॅकच्या खांबाला फोर्कलिफ्ट धडकली, खांब वाकला. एकीने चित्रच काढलंय.
खाली जाऊन पाहिलं. गुडघ्याच्या उंचीवर खांब आत गेलाय. वर छतापर्यंत माल. वाकल्या जागी पिवळा रंग, ताजा.
फोर्कलिफ्टवाले इरफानभाई हळूच म्हणाले, "मॅडम, इधर ज़्यादा देर खड़े मत रहो."

शुक्र. १४
देसाई सरांसमोर गठ्ठा ठेवला. "सीझन चालू आहे, आता माल हलणार नाही." मग एकेक फॉर्म चाळत बसले. "हे अक्षर कुणाचं? रजेचे अर्ज आण बरं."
 मी म्हटलं, अर्ज क्लार्ककडे आहेत. खोटं. गठ्ठा उचलला, घरी टेमघरला आणला, साड्यांखाली ठेवलाय. आईने विचारलं, काय गं लपवतेस? काही नाही म्हटलं.

शनि. १५
चार नंबरच्या रांगेतून दुपारी आवाज. लोखंड कण्हल्यासारखा, एकदाच. अख्खं गोडाऊन थांबलं. मग पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. सुमनताई त्याच रांगेच्या तोंडाशी होत्या. 
सुपरवायझरला लेखी दिलं. चार नंबर रिकामी करा, खांब बदलेपर्यंत कुणी जायचं नाही. खाली माझी सही.  फोटो काढून हेड ऑफिसला मेल. दे. सर बाहेर होते, नाहीतर...
संध्याकाळपर्यंत रांग रिकामी, माल दाराजवळ जमिनीवर. नोटीस बोर्डवर लावलं: "तुम्ही लिहिलंत, चार नंबर धोक्याची. आम्ही रिकामी केली. खांब बदलायचा बाकी."
बायका वाचत उभ्या. कुणी हसलं नाही. सुमनताई एवढंच म्हणाल्या, "कोरे फॉर्म हायती का अजून?"
दिले.

सोम. १७
हेड ऑफिसचं उत्तर नाही. दे. सरांचा निरोप: अकराला केबिनमध्ये ये, आयकार्ड घेऊन.
फॉर्मची पेटी भरलीय. पहिलाच उघडला. "चारचा माल रविवारी सात नंबरवर चढिवला. त्यो रॅक आदीच हालतोय. आमी त्येच्या खालीच बसतो." खाली पूर्ण नाव, सुमनताईंचं.
नाव लिहायचं नव्हतं.
पावणेअकरा. जिन्यात बसून लिहितेय. वर केबिन, खाली सात नंबर, पॅकिंगच्या बायका कामाला लागल्यात.
आधी खाली जाते.