तीन समुद्रांचं पाणी

शुक्रवार, संध्याकाळ. कन्याकुमारी.

पोचलो एकदाचे. अख्खा किनारा गाडीने उतरत आलो, आणि टोकाला येऊन काय केलं? मायवर ओरडलो. चारचौघांत.

घरून निघाल्यापासून मागच्या सीटवर तिची पिशवी खडखडत होती. आत काय आहे, एकदाही विचारलं नाही. आज कळलं. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. इंझोरीच्या आमच्या गल्लीतल्या बायांनी तीन समुद्रांचं तीर्थ आणायला घरोघरून दिलेल्या. गुडघाभर पाण्यात वाकून ती एकेक भरत होती. लुगडं चिंब. बाजूची पोरं मोबाईलवर शूटिंग काढून हसायला लागली.

"काय गावठीपना लावला वं माय! सांडून टाक ते पानी!"

तिने सगळ्या रिकाम्या केल्या. बोलायचं तर त्या पोरांना बोलायचं होतं. तिलाच काहून बोललो?

आता लॉजवर पिशवी पुन्हा खडखडली. बाटल्या आवरता आवरता मलाच समजावते, "मनाले लावून घेऊ नको बापू. कोनी इचारलं त सांगीन मी, वाटेत फुटल्या म्हनून."

बाटल्या प्लास्टिकच्या आहेत. ज्यांनी दिल्या, त्यांना माहीत आहे.